बाटलीवाली स्टीम प्रेस : रेशमी प्लेटांवरचे आठ महिने

गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला, एका मुलीच्या अरंगेत्रमला (भरतनाट्यमचा पहिला जाहीर एकल कार्यक्रम) दोन दिवस उरलेले असताना, माझ्या स्टीम प्रेसने, म्हणजे वाफेच्या इस्त्रीने, तिच्या कॉस्च्युमच्या मोरपंखी कांजीवरम पंख्यावर पाण्याचा एक थेंब टाकला. एकच. जुन्या आठाण्याएवढा. हा रिव्ह्यू खरं तर पहिल्या महिन्यातच लिहायचा राहिला होता. तेव्हा लिहिला असता तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते.

प्रेस कसली ते शिलाईवाल्यांना सांगायला नको. वर पाण्याची बाटली टांगायची, नळीतून पाणी खाली येतं, हँडलवरचं बटण दाबलं की टक् आवाज होऊन वाफ. हजार-बाराशे वॅटची. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून चालू आहे. साडेपाच हजाराला घेतली, टेफ्लॉन शू (इस्त्रीच्या तळाला लावायचं कव्हर) वेगळा. तो फुकट मिळेल म्हणून अर्धा तास दुकानात उभी होते, मिळाला नाही.

मी भरतनाट्यमचे आणि शिवलेल्या नऊवारीचे कॉस्च्युम करते, धायरीत, घरातच. नऊवारीच्या निऱ्यांचं इथे फार लिहीत नाही, त्या कमरेला शिवून टाकल्या आणि खाली मोकळ्या सोडल्या की थोडं इकडेतिकडे चालून जातं. पंख्यात चालत नाही. पंखा म्हणजे मुलगी अरमंडीत, गुडघे बाहेर वळवून अर्धी बसली की दोन पायांमध्ये उलगडतो तो चुण्यांचा भाग. दोन मीटर काठाचं कापड धरा, ७८ इंच. दीड इंचाची घडी घातली तर ५२ घड्या, २६ प्लेटा. प्रत्येक घडीला अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, चुकलं तर शेवटी सव्वातीन इंचांचा फरक पडतो आणि पंखा एका बाजूला कलतो. पहिल्या रांगेतल्या आजींनाही दिसतो.

आधी साधी इस्त्री आणि ओलं फडकं यावर माझं चाललं होतं. एका पंख्याला अख्खी दुपार जायची. ही प्रेस जूनमध्ये आली आणि पहिल्या महिन्यात मी सगळ्या मैत्रिणींना फोन करून करून सांगितलं. दोन तासांत पंखा! प्लेटा आधी कच्च्या दोऱ्याने वर, मध्ये आणि काठापाशी अशा तीन ठिकाणी बांधून घ्यायच्या, वर मलमलचं फडकं, मग वाफ, मग कोरडा दाब. टाचण्या काठाच्या जरीत टोचू नका, भोक राहतं. वजनही बरं, हात दुखत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मास्तर आहेत, चाळीस वर्षं शिवतायत. ते येऊन बघून गेले. म्हणाले, "ताई, वाफेनं प्लेट बसत नाही. वाफेनं ती ऐकायला तयार होते. बसते थंड होताना." आणि स्वतःचा सागवानी ठोकळा माझ्या टेबलावर ठेवून गेले. मला तेव्हा वाटलं, म्हातारा नवीन यंत्रावर जळतोय.

मास्तर बरोबर होते. प्रेसने प्लेट दाबून लगेच उचलली तर हँगरवर जाईपर्यंत निम्मी सुटते. वाफ देऊन झाली की ठोकळा ठेवायचा, गार होईपर्यंत, मिनीटभर तरी. लाकूड ओल शोषतं आणि दाब धरून ठेवतं. मगच पुढची प्लेट. म्हणजे दोन तासांचे पुन्हा साडेतीन तास झाले. पण प्लेट अशी की कागद कापावा. तेव्हा एक स्टार कमी केला, तो प्रेसचा नव्हे, माझ्या घाईचा.

याचं कारण रेशमाच्या स्वभावात आहे. रेशीम म्हणजे प्रोटीन, आपल्या केसांसारखं. ओल आणि उष्णतेने आतले बंध सैल होतात, कोरडं-गार होताना नव्या आकारात धरतात. केस ओले करून रोलर लावल्यासारखंच. आणि पुन्हा ओल लागली की सैल. नाचणाऱ्या मुलीच्या घामाला हे पुरेसं असतं. पॉलिएस्टर उलट, ते उष्णतेने मऊ होऊन थंड होताना कायमचं तसंच राहतं. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात एका शाळेच्या बाईंनी 'सिल्क' म्हणून बारा मुलींचं कापड आणून दिलं. प्लेटा पहिल्याच दाबाला चाकूसारख्या बसल्या, मला शंका आली. एक धागा जाळला. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. हा वितळून टणक मणी झाला. चुकीच्या बाजूला घातलेल्या दोन प्लेटा मग काही केल्या निघेनात, तो तुकडा बदलावा लागला. तेव्हापासून कोणी कितीही शपथ घेऊ दे, धागा जाळल्याशिवाय प्रेस गरम करत नाही.

रेशमाच्या प्लेटा टिकत नाहीत ही तक्रार आपलीच नव्हे. व्हेनिसच्या मारियानो फोर्चुनीने रेशमाचा बारीक चुण्यांचा झगा केला, चुण्या घालायच्या पद्धतीचं १९०९ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलं. श्रीमंत बायका तो झगा पिळून, दोरीच्या गुंडाळीसारखा गोल डब्यात ठेवायच्या. तरी ओला झाला की चुण्या जायच्या आणि झगा परत त्याच्याकडेच चुण्या घालायला. त्याचं वाचल्यापासून गिऱ्हाईकांना मी बिनदिक्कत सांगते, पंखा प्रत्येक कार्यक्रमानंतर घडीवर घडी लावून सुती पट्टीने सैल बांधून ठेवा, आणि वर्षातून एकदा माझ्याकडे आणा. पैसे पडतील.

आता थेंबाबद्दल.

पहिला थेंब ऑगस्टमध्ये पडला, सुदैवाने अस्तरावर. मग सप्टेंबरमध्ये दोन. आमचं पाणी टँकरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ७०० च्या आसपास, त्यामुळे थेंब वाळला की पांढरी कड राहते. बाटलीत क्षार काढणारे दाणे (रेझिन) असतात, रंग बदलला की टाकायचे. माझे सहा आठवड्यांत बदलले. कंपनीचे दाणे महाग, म्हणून मी मशीनच्या दुकानातून सुटे आणले. तिथेच चूक झाली असं कंपनीचं म्हणणं. फोन केला. "मॅडम, ओरिजिनल रेझिन वापरलं नाही, वॉरंटी लागत नाही." मी म्हटलं दाण्यांचा आणि गळण्याचा काय संबंध? "टेक्निशियन येऊन बघेल, व्हिजिट चार्ज साडेतीनशे." आला. रेग्युलेटरचा काटा रेशमाच्या एका टिंबावरून वर सरकवला, दोनदा बटण दाबलं, म्हणाला, "रेशमाला असंच होतं," चहा प्यायला आणि गेला. चार मिनिटं. साडेतीनशे रुपये.

त्या दिवशी मी सगळीकडे दोन स्टार टाकले. ते आता थोडे मागे घेते. कारण नंतर शांत डोक्याने बघितल्यावर कळलं की तो टेक्निशियन अर्धं खरं बोलत होता, फक्त समजावून सांगायची तसदी त्याने घेतली नाही. एक टिंब म्हणजे तळ ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. रेशमाला एकच टिंब ठेवा असं आपण शिकलो. ११० वर पाणी उकळतं हे खरं, पण बटण दाबलं की बाटलीतलं गार पाणी आत शिरतं आणि तळ तेवढ्यात थंडावतो. वाफ व्हायला ताकदच उरत नाही, पाणी पाणी म्हणूनच खाली येतं. म्हणजे रेग्युलेटरवर रेशमाचं चिन्ह आहे, बटणही आहे, पण दोन्ही एकत्र वापरायचं नाही! हे पुस्तिकेत कुठेही नाही. पुस्तिकेत काय आहे, तर प्रेसने अंगावरचे कपडे इस्त्री करू नका.

तेव्हापासून मी काटा दोन टिंबांच्या पुढे ठेवते, खाली टेफ्लॉन शू, त्याखाली मलमल, आणि बटण पहिल्यांदा दाबायचं ते बाजूच्या जुन्या टॉवेलवर. पहिला फुसकारा नेहमी ओला असतो. शूमुळे कापडापर्यंत पोचणारी उष्णता कमी होते आणि रेशमावर ती घाणेरडी चकाकीही येत नाही. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत एक थेंब नाही. नवरात्र, स्नेहसंमेलनं, सगळं कोरडं पार पडलं. तो शू दुकानदाराने फुकट द्यायला हवा होता, हे माझं मत त्यामुळे अजून पक्कं झालं.

आणि एक कबूल करायला हवं. प्लेटा घालण्यापेक्षा मोडायला ही प्रेस फार चांगली आहे. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मुली वाढतात. बारा वर्षांच्या मुलीचा कॉस्च्युम पंधराव्या वर्षी उसवून मोठा करायचा म्हणजे जुना पंखा पूर्ण सपाट करावा लागतो. आधी मी पाणी शिंपडून, पुस्तकांखाली ठेवून दोन दोन दिवस झगडायचे. आता पंख्याचा तुकडा दोरीवर क्लिपांनी उलटा टांगते, प्रेस उभी धरून उलट बाजूने, कापडाला न टेकवता वाफ देते, आणि दुसऱ्या हाताने काठ हलका ओढते. वीस मिनिटांत कापडाच्या अंगातल्या घड्या गेल्या. पहिल्यांदा झालं तेव्हा मी एकटीच खोलीत हसले.

पण अंगातल्या म्हणतेय, काठातल्या नव्हे. जर म्हणजे धातू, आणि धातू वाकला की वाकला, त्याला वाफेची भाषा कळत नाही. पैठणी-कांजीवरमच्या घड्या अधूनमधून मोडून ठेवायला आपल्या आया सांगायच्या ते यासाठीच, नाहीतर जर घडीवर तुटते. जुन्या काठावर उलट बाजूने मलमल ठेवून कोरडा दाब द्या, पुन्हा पुन्हा, थोडा थोडा. ऐंशी टक्के जातं. उरलेल्या रेघेवर नवी प्लेट येईल असं मोजून घ्या. हट्टी घडीला पांढरं व्हिनेगर चालतं, एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, बोळ्याने फक्त घडीवर. रेशमाला सौम्य आंबट चालतं, सोडा-साबणाचं मात्र वावडं. आधी आतल्या शिलाईच्या कडेला रंग जातो का ते बघा. आणि जरीला व्हिनेगर अजिबात लावू नका, तांब्याची जर असेल तर खराब होते. आणखी एक, जिथे घडीवर रंग घासून फिका झालाय ती घडी नव्हेच, झीज आहे. ती कुठल्याही प्रेसने जात नाही. गिऱ्हाईकाला आधी दाखवा, फोटो काढून ठेवा, नाहीतर ते तुमच्याच माथी येतं.

तर मंगळवारचा थेंब. काटा बरोबर, शू होता, टॉवेलवर दोनदा फुसकारा दिलेला. तरी टप्. आणि या वेळी बटण दाबलेलंच नव्हतं. तिथे मी ओळखलं, हा तापमानाचा थेंब नाही.

आधी पंखा वाचवला. डाग फक्त पुसत बसलं की कड वाढत जाते, म्हणून बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर फवारून ती अख्खी प्लेट शिवणीपासून काठाच्या अलीकडेपर्यंत सारखी ओलसर केली, म्हणजे ओलीची कड मध्ये कुठे उरत नाही. मग मलमलवरून वाळवली आणि त्याच कापडाच्या तुकड्याने हलकं चोळलं. गेला. मग त्या प्लेटेला पुन्हा दाब, पुन्हा ठोकळा. रात्रीचा दीड.

सकाळी प्लग काढून, प्रेस गार असताना, व्हॉल्व्ह उघडला. आत एक दाणा. बाटलीतल्या क्षाराच्या दाण्यांपैकी एक, मोहरीपेक्षा लहान. बाटलीच्या तोंडाची जाळी एका कोपऱ्यात फाटली होती. दाणा व्हॉल्व्हच्या बुडाशी अडकला की झाकण पूर्ण बसत नाही आणि पाणी झिरपत राहतं. म्हणजे जे मी कंपनीला ओरडून विचारलं होतं, दाण्यांचा आणि गळण्याचा काय संबंध, त्याचं उत्तर माझ्या बोटावर होतं. अर्थात दाणे ओरिजिनल असते तरी फाटक्या जाळीतून आलेच असते, हे मी त्यांना मेलवर लिहिलंय. उत्तर नाही. नवी जाळी 'स्टॉकमध्ये नाही'. मी जुन्या मोज्याचा नायलॉनचा तुकडा दुहेरी करून बांधला. शून्य रुपये. चार दिवस झाले, कोरडी आहे.

घ्यावी का? रोज कापूसच इस्त्री करत असाल तर डोळे झाकून घ्या. रेशमाचं काम असेल तरी घ्या, पण पहिल्या दिवशी जाळी तपासा, बाटलीत नळाचं पाणी घालू नका, आणि वाफेवर विश्वास ठेवण्याआधी ठोकळा मिळवा. माझ्याकडून साडेतीन स्टार. चार झाले असते, पण ते साडेतीनशे रुपये.

मास्तर आता जुने पंखे मोडायला माझ्याकडे पाठवतात. त्यांच्याकडून एका पंख्याचे पन्नास घेते. काल पाचवा झाला, अजून दोन.