पाश्चात्त्य चित्रे पाहायला शिकवणारा बडोद्यातील एक रसास्वाद वर्ग

दांडिया बाजार परिसरात एक निवृत्त कलाशिक्षिका पाश्चात्त्य चित्रकलेचा रसास्वाद वर्ग मराठीतून घेतात. चित्र पडद्यावर आल्यावर बराच वेळ त्याचे नाव, साल वा चित्रकार सांगितला जात नाही. जे दिसते तेवढेच प्रत्येकाने सांगायचे आणि ‘सुंदर’, ‘भव्य’ अशी विशेषणे वापरायची नाहीत, असा बाईंचा दंडक आहे. आरंभी ही पद्धत शाळकरी वाटते, परंतु डच चित्रकार व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या दासीच्या, १६५८च्या सुमाराच्या चित्रापाशी तिचे मोल कळते. दासीचा चेहरा आणि दुधाची धार पाहून सगळे थांबले असता बाईंनी मागची पांढरी भिंत पाहायला लावली. वरवर रिकाम्या भासणाऱ्या त्या भिंतीत खिळा आहे, त्याची बारीक सावली आहे, खिळे उपटल्याची भोकेही आहेत, आणि डावीकडच्या खिडकीचा उजेड जसा पसरतो तसा पांढऱ्याचा करडा होत जातो. या भिंतीवर व्हर्मीरने आधी भांडी टांगण्याची फळी रेखाटून नंतर ती झाकून टाकली होती, हे ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ साली तपासणीअंती जाहीर केले. ही माहिती बाईंनी सर्वांचे पाहून झाल्यावरच दिली, हे विशेष.

पडद्यामुळे मात्र एक मोठी अडचण होते. व्हर्मीरचे हे चित्र जेमतेम ४५ सेंटिमीटर उंच, तर स्पॅनिश चित्रकार वेलास्केझचे १६५६ मधील ‘लास मेनिनास’ तीन मीटरांहून उंच, पण प्रोजेक्टर दोघांनाही एकाच मापात बसवतो. प्रत्येक चित्राचे माप भिंतीवर खडूने आखून दाखवले, तरी पुष्कळ काम होईल.

सयाजीबागेतील चित्रदालनाची भेट ही उणीव बरीचशी भरून काढते. महाराज सयाजीराव गायकवाडांनी उभारलेली ही वास्तू १९१४ साली पूर्ण झाली. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातील चित्रे यायला उशीर झाल्याने ती १९२१ मध्ये खुली झाली. कॅनव्हासकडे तिरके उभे राहून तैलरंगाचे थर आणि कुंचल्याचे फटकारे पाहता येतात. हे सुख शहरात असताना बडोदेकर तेथील संग्रहालयात मुलांना देवमाशाचा सांगाडा दाखवून परततात, याचे नवल वाटते.

दृक्प्रत्ययवादापासून (इम्प्रेशनिझमपासून) पुढचा भाग घाईत उरकला जातो. मोने, सेझान, पिकासो एकाच बैठकीत, आणि तेही टिपणे सांगून. बाईंचाच दंडक लावून सेझानचे ‘सफरचंदांची टोपली’ पाहिले असते, तर कापडाच्या दोन्ही बाजूंना टेबलाची कड एका रेषेत येत नाही हे कोणाच्याही ध्यानात आले असते आणि घनवादाकडे, म्हणजे पिकासोच्या क्युबिझमकडे, जाणारी वाट आपसूक दिसली असती. पाश्चात्त्य चित्रांत येणाऱ्या बायबलमधील कथांचा परिचय नसलेल्यांसाठी एखादे टिपणपत्रही हवे. शुल्क वाजवी आहे. पडदा लहान असल्याने पुढच्या रांगेत जागा धरावी.