पाकळ्या उडवायचं पेटल ब्लोअर, तीन कार्यक्रमांत वापरून झाल्यावर

हे मशीन घ्यायचं कारण आधी सांगते म्हणजे पुढचं कळेल. भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला केक कापताना कुणीतरी एकाच वेळी दोन पॉपर फोडले आणि ती एवढी दचकली की रडून रडून लाल झाली, पुढचा अर्धा तास कुणाकडे जाईना, आणि त्या दिवसाच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत तिचे डोळे सुजलेले आहेत. तेव्हाच ठरवलं होतं की ताईच्या लग्नात काहीही होऊ दे पण फटका नको. पाकळ्या हव्यात, भरपूर हव्यात, पण त्या आवाज न करता यायला हव्यात. मग शोधत शोधत या पेटल ब्लोअरपर्यंत आले.

दिसायला हेअर ड्रायरसारखंच आहे, जरा जाड. हँडलमध्ये चार्ज होणारी बॅटरी, मागे पंखा, पुढे रुंद चपटं तोंड आणि वर एक पारदर्शक डबा ज्यात पाकळ्या भरायच्या. डब्याच्या तळाला सरकती झडप आहे. ट्रिगर अर्धा दाबला की फक्त पंखा फिरतो, पूर्ण दाबला की झडप उघडते आणि पाकळ्या खाली गळ्यात पडून वाऱ्याबरोबर बाहेर जातात. हा दोन टप्प्यांचा ट्रिगर मला फार आवडला कारण पंख्याला वेग घ्यायला एक सेकंद लागतो, तो आधीच घेऊन ठेवता येतो आणि मग बरोबर हव्या त्या क्षणाला पाकळ्या सुटतात.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पाकळ्या पंख्यातून जात नाहीत. हे मी मुद्दाम सांगतेय कारण याआधी मी दुसरं एक ब्लोअर घेतलं होतं, त्यात पाकळ्या थेट पंख्याच्या पात्यांमधून बाहेर यायच्या. घरी ट्रायल घेतली म्हणून वाचले. गुलाबाच्या पाकळ्यांचा अक्षरशः चोथा झाला आणि समोर बहिणीने धरलेल्या पांढऱ्या चादरीवर गुलाबी डाग पडले, ते दोन धुण्यांनंतरही पूर्ण गेले नाहीत. ती चादर होती म्हणून ठीक, लग्नाचा पोशाख असता तर काय केलं असतं. या नवीन मशीनमध्ये पंखा फक्त हवा ढकलतो, पुढे नळी अरुंद होते, तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो, त्यामुळे वरच्या डब्यातल्या पाकळ्या आपोआप आत खेचल्या जातात. रबरी फुगा दाबायच्या जुन्या सेंटच्या बाटलीत जे तत्त्व असतं तेच. तुम्ही कुठल्याही कंपनीचं घ्या पण घेण्याआधी डबा पंख्याच्या पुढे आहे की मागे एवढं नक्की बघा, मागे असेल तर घेऊ नका.

आता पाकळ्यांबद्दल, कारण मशीन कितीही चांगलं असलं तरी खरा खेळ इथेच आहे. मी तीन प्रकार करून बघितले. एकदम ताज्या पाकळ्या दिसतात सुंदर पण जड असतात, ताज्या पाकळीच्या वजनात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे त्या चार-पाच फूट वर जातात आणि पटकन खाली येतात, शिवाय एकमेकींना चिकटून गठ्ठ्याने बाहेर पडतात. कडक वाळवलेल्या घेतल्या तर त्या डब्यातच कुस्करतात आणि तोंडातून भुकटी येते, समोरच्याच्या डोळ्यात जाते. मधली अवस्था पाहिजे. मी काय केलं, गुलाबाच्या पाकळ्या वर्तमानपत्रावर एकेरी थरात पसरल्या, उन्हात नाही, सावलीत, वरचा पंखा बारीक ठेवून, आणि साधारण एक दिवस तशाच ठेवल्या. ओळखायची खूण अशी की पाकळी दोन बोटांत घेऊन दुमडली तर ती कापडासारखी वळली पाहिजे, ओलसर लागता कामा नये आणि कडकड वाजताही कामा नये. कडा किंचित आत वळलेल्या असतात, रंग थोडा गडद होतो पण जात नाही. अशी पाकळी या मशीनमधून गेली की आठ-नऊ फूट सहज वर जाते आणि येताना वळत वळत, कधी थांबल्यासारखी, मग घसरत अशी खाली येते. ते बघायला मी जिन्यात उभं राहून किती वेळा सोडल्या असतील, सांगता येणार नाही.

झेंडूच्या पाकळ्या सुट्या करून घालता येतात, त्या लहान असल्यामुळे अडकत नाहीत पण पडतात फार भराभर. शेवंतीच्या लांबट पाकळ्या मात्र झडपेत आडव्या बसतात, त्या मी परत घातल्या नाहीत. फ्रीझ ड्राय केलेल्या पाकळ्या विकत मिळतात, त्यात पाकळी आधी गोठवतात आणि मग निर्वात पेटीत तिच्यातला बर्फ न वितळता सरळ वाफ होऊन निघून जातो, म्हणून आकार आणि रंग जवळपास तसाच राहतो. त्याही वापरल्या. वजनाला काहीच नसतात, तरंगतात अप्रतिम, फक्त दमट हवेत पिशवी उघडी राहिली की तासाभरात मऊ पडायला लागतात, त्यामुळे अगदी वेळेवरच फोडायची.

कागदी कॉन्फेटी पण चालते यात. टिश्यू पेपरचे आयताकृती तुकडे घ्या, साधारण दोन सेंटिमीटर बाय पाच सेंटिमीटर, ते आपल्याच लांबीच्या अक्षाभोवती गरगर फिरत खाली येतात आणि म्हणून हवेत जास्त वेळ राहतात. जाड कागदाचे छोटे गोल तुकडे सरळ खाली येतात, मजा नाही. रंगीत टिश्यू ओला झाला की रंग सोडतो एवढं लक्षात ठेवा, पाऊस किंवा दव असेल तर पांढराच वापरा. चकचकीत फॉइलची कॉन्फेटी मी घेतलीच नाही आणि कुणाला घ्या म्हणणार नाही. ती प्लॅस्टिकच्या फिल्मवर धातूचा मुलामा दिलेली असते, कुजत नाही, गवतात गेली की वर्षानुवर्षे तिथेच, आणि मुलामा वीज वाहून नेऊ शकतो म्हणून लाइटच्या किंवा साउंडच्या वायरिंगजवळ ती असूच नये.

एक गंमत वाचली होती ती इथे सांगायचा मोह होतोय. कॉन्फेटी हा शब्द इटालियन, पण इटलीत आजही कॉन्फेटी म्हणजे साखरेच्या आवरणातले बदाम, कागदाच्या तुकड्यांना तिकडे कोरिआंदोली म्हणतात. पूर्वी लोक खरंच साखरेच्या गोळ्या एकमेकांवर फेकायचे, त्या लागायच्या. १८७५ मध्ये मिलानमधल्या एनरिको मांजिली नावाच्या माणसाने रेशमाच्या किड्यांसाठी जे भोकं पाडलेले कागद लागायचे, त्यातून उरलेल्या बारीक चकत्या विकायला काढल्या आणि कागद फेकायची पद्धत वाढली. म्हणजे लागू नये, दुखू नये हा विचार तेव्हापासूनचा आहे, आणि आपण आज गॅसच्या दाबाने धाडकन उडवणारी नळकांडी आणतो हे मला खरंच पटत नाही. पिळून फोडायच्या त्या नळीत दाबलेली हवा असते, ती एका झटक्यात सुटते, तोंडाजवळ कागदाचा गठ्ठा अजून सुटलेला नसतो आणि तो जर डोळ्यावर बसला तर गंभीर इजा होऊ शकते. दोरी ओढायच्या छोट्या पॉपरमध्ये तर स्फोटक मिश्रणच असतं, थोडंसं का होईना. शिवाय एकदा फोडलं की नळी कचऱ्यात.

लग्नात कसं झालं ते सांगते. ताई आणि भावोजी दारातून आत येणार होते. मी बाजूला, त्यांच्यापासून सहा-सात फुटांवर उभी राहिले, तोंड सरळ त्यांच्याकडे न धरता त्यांच्या डोक्याच्या बऱ्याच वर, तिरकं. समोरून मारलं तर पाकळ्या चेहऱ्यावर आपटतात आणि माणूस डोळे मिटतो, फोटो गेला. फोटोग्राफरशी मी आदल्या दिवशीच बोलून ठेवलं होतं की मी ट्रिगर दाबल्यावर लगेच क्लिक नको, एक सेकंद थांबा, कारण पाकळ्या सगळ्यात वर पोचतात तेव्हा क्षणभर त्यांचा वेग जवळजवळ शून्य असतो आणि त्या हवेत टांगल्यासारख्या दिसतात. त्यांनी तसंच केलं. तो फोटो आता ताईच्या हॉलमध्ये आहे. त्यात ताई वर बघतेय, पाकळ्या तिच्यापासून हातभर अंतरावर आहेत, अजून एकही पडलेली नाही, आणि भावोजींच्या खांद्यामागे आजी दिसते, तिच्या चष्म्याच्या काचेवर मात्र एक पाकळी बसलीये.

एक डबा साधारण बारा सेकंद पुरतो, त्यात दोन मोठ्या ओंजळी मावतात. दाबून भरू नका, हलक्या हाताने टाका. दुसऱ्या डब्याच्या वेळी माझी पंचाईत झाली. मी वाळवलेल्या पाकळ्या संपल्या होत्या म्हणून मामींनी सजावटीतून उरलेल्या पिशवीतल्या पाकळ्या भरून दिल्या, त्यांच्यावर ताज्या दिसाव्यात म्हणून पाणी शिंपडलेलं होतं, आणि झडप उघडली तर तीन-चार पाकळ्या आल्या आणि गळा बंद. पंखा नुसता ओरडतोय आणि बाहेर काही नाही. मामींचा काहीच दोष नाही, मीच सांगायला हवं होतं. डबा काढून बोटाने साफ करेपर्यंत ते दोघं पुढे निघून गेले होते, त्या वेळचे फोटो पाकळ्यांशिवायच आहेत आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर मी पाकळ्या कागदी पिशव्यांत भरून, एका पिशवीत एक डबा अशा मोजून नेते, प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांना घाम सुटतो.

आवाजाबद्दल खरं सांगायचं तर अगदी शांत नाही. लहान हेअर ड्रायरएवढा आवाज आहे, व्हिडिओत ऐकू येतो. पण तो हळूहळू चढणारा आवाज आहे, फटका नाही. बाबांच्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमात भाची दोन फुटांवर उभी होती, आता ती अडीच वर्षांची आहे, पंखा सुरू झाल्यावर तिने आधी आईचा हात पकडला, मग पाकळ्या दिसल्या आणि हात सोडून मधोमध जाऊन उभी राहिली, तोंड वर, दोन्ही तळवे पसरून. माझ्यासाठी मशीनचे पैसे तिथेच वसूल झाले.

बॅटरीबाबत तक्रार नाही, एका चार्जमध्ये बारा-तेरा डबे होतात. लिथियमची आहे त्यामुळे विमानाने जाणार असाल तर ते चेक-इन बॅगेत टाकू नका, केबिनमध्ये सोबत ठेवा आणि एअरलाइनचे नियम बघून घ्या. उघड्यावर वापरायचं असेल तर वाऱ्याची दिशा आधी बघा, वारा माझ्या पाठीमागून आला की पाकळ्या लांब जातात पण समोरून आला तर सगळ्या माझ्याच अंगावर. जोराच्या वाऱ्यात हे वापरूच नये, मशीनचा झोत त्यापुढे टिकत नाही.

झाडण्याचं काम कमी नाही, पण सोपं आहे. वाळलेल्या पाकळ्या झाडूने गोळा होतात आणि कुंडीत जातात. गुळगुळीत फरशीवर मात्र ताज्या पाकळ्या पायाखाली आल्या की घसरायला होतं, आजीसारखं कुणी चालणार असेल तर आधी वाट झाडून घ्या, फोटो नंतर.

आता जे आवडलं नाही ते. मागच्या जाळीची भोकं फार मोठी आहेत, माझ्या केसांची एक बट आत ओढली गेली होती, लगेच ट्रिगर सोडला म्हणून काही झालं नाही, पण केस बांधूनच वापरा आणि मोकळा स्कार्फ जवळ नको. ट्रिगरला लॉक नाही, बॅगेत दाबला जाऊन बॅटरी उतरते, मी हँडलला जाड रबर बँड लावून ट्रिगरच्या मागे लाकडी क्लिप अडकवते. झडपेची स्प्रिंग तिसऱ्या कार्यक्रमापर्यंत ढिली झाली, आता ती पूर्ण बंद होत नाही आणि मशीन नुसतं हातात धरलं तरी एखाद-दुसरी पाकळी गळत राहते. झडप सुटी विकत मिळत नाही, डब्यासकट सगळं मशीनच घ्यावं लागतं असं उत्तर आलं, आणि एवढ्या चांगल्या वस्तूला एका स्प्रिंगसाठी फेकायचं हे मला अजिबात मान्य नाही. सध्या पेनमधली स्प्रिंग कापून बसवलीये, चालतेय. पुढच्या आठवड्यात आजीचा ऐंशीवा वाढदिवस आहे, तिने सांगितलंय की या वेळी ट्रिगर मी दाबणार, म्हणून काल तिला रिकाम्या डब्याने सराव करायला दिला होता.