काटा लाल पट्ट्यात, पण इंजिन? के-टाइप प्रोबवाला मल्टिमीटर, काही महिन्यांच्या वापरानंतर

एक्सकॅव्हेटर असो, लोडर असो की डोझर, टेम्परेचर गेजची तक्रार आली की आधी ठरवायचं ते एवढंच: इंजिन खरंच तापलंय की काटा खोटं बोलतोय. ते कळेपर्यंत एकही नट ढिला करू नये. या कामाला के-टाइप प्रोब (दोन वेगळ्या धातूंच्या तारांची, तापमान मोजणारी) जोडता येणारा साधा डिजिटल मल्टिमीटर आता काही महिने रोज वापरात आहे. जोडीला इन्फ्रारेड गनही आहे, पण गेजच्या बाबतीत मल्टिमीटरच उजवा.

गनची अडचण अशी की चकचकीत धातूवर ती बरंच कमी तापमान दाखवते. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगवर काळ्या मॅट रंगाचा ठिपका दिला तरच आकड्यावर भरवसा ठेवावा. शिवाय 12:1 ची (अंतराच्या बाराव्या भागाएवढं वर्तुळ मोजणारी) गन 60 सेंमीवरून 5 सेंमीचं वर्तुळ मोजते, म्हणजे शेजारचा पाइपही त्यात येतो. रेडिएटरवरून फिरवून चोंदलेल्या नळ्यांचा थंड पट्टा शोधायला मात्र ती झकास.

प्रोबचं टोक सेंडरच्या (कूलंटचं तापमान गेजला कळवणाऱ्या सेन्सरच्या) अगदी शेजारी, थर्मोस्टॅट हाउसिंगवर टेकवून टेपने घट्ट बांधायचं आणि वरून जाड कापडाची घडी दाबायची. घडी नसेल तर फॅनच्या हवेने आकडा पडतो. धातूचा पृष्ठभाग आतल्या कूलंटपेक्षा काही अंश थंडच असतो, तेवढी सूट धरावी. मशीन लोडवर चालवा. प्रोबवर 85 अंश सेल्सिअसच्या आसपास आकडा टिकून आहे आणि काटा लाल पट्ट्यात, तर रेडिएटर उतरवण्याचं कारण नाही; दोष विजेकडचा आहे. प्रोबही 105-110 दाखवत असेल तर गेज बरोबर आहे, मशीन थांबवा.

विजेकडची तपासणी एका वायरच्या सेंडरवर सोपी आहे. इग्निशन ऑन, इंजिन बंद. सेंडरची वायर काढली की काटा थंडकडे पडायला हवा. तीच वायर क्षणभर इंजिनच्या बॉडीला टेकवली की गरमकडे चढायला हवा. दोन्ही झालं तर गेज आणि वायर ठीक, संशय सेंडरवर. वायर काढूनही काटा वरच राहिला, तर ती गेजच्या मागून सोडून पाहा: आता पडला तर मधे कुठेतरी वायर घासून अर्थ झाली आहे (बॉडीला टेकली आहे), नाही पडला तर गेज गेला. वायर घासते ती बहुतेक वेळा केबिनच्या फरशीतून खाली उतरते तिथे, रबरी ग्रोमेट निघालेलं असलं की. ईसीएमवाल्या (कॉम्प्युटरने नियंत्रित) इंजिनवर हा प्रयोग करू नये. तिथला दोन वायरचा सेन्सर 5 व्होल्टवर चालतो. आधी फॉल्ट कोड वाचा.

सेंडरचा रेझिस्टन्स तापमान वाढेल तसा कमी होतो. 120 अंशांपर्यंतच्या एका प्रचलित प्रकारात 40 अंशांना साधारण 290 ओहम आणि 120 ला जेमतेम 22 ओहम मिळतात. दुसऱ्या प्रकाराचे आकडे वेगळे, म्हणून आटे जुळले म्हणून बसवलेला ‘चालतोय’ सेंडर काटा कायम 15-20 अंश चुकवू शकतो. नवा बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळायची सवयही सोडा. एका वायरच्या सेंडरला अर्थ त्या आट्यांतूनच मिळतो.

मीटरची किंमत खरी वसूल होते ती अर्थ तपासताना. इंजिन चालू, सगळे दिवे चालू. एक टोक सेंडरच्या षटकोनी भागावर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. डीसी व्होल्टमध्ये आकडा उणे असो वा अधिक, 0.2 च्या पुढे गेला की इंजिन ते चॅसिसची अर्थ पट्टी काढून रंग-गंज घासा. दिवे लावताच काटा हलणं ही याचीच खूण. ऑइल प्रेशर, फ्युएल असे सगळेच गेज एकदम बिघडले असतील तर सेंडरकडे जाऊच नका, पॅनेलची अर्थ आणि गेजला येणारा सप्लाय मोजा.

एक धोका मीटरही दाखवत नाही. कूलंट इतकं उतरलं की सेंडर वाफेत उघडा पडला, तर काटा उलट खाली येतो आणि ऑपरेटर निश्चिंत होतो. म्हणून मीटर लावण्याआधी, इंजिन पूर्ण थंड असताना कॅप उघडून पातळी पाहायचीच.

आता उणिवा. डिस्प्ले उन्हात वाचता येत नाही. सोबतची प्रोब साधारण 250 अंशांपर्यंतचीच, तेव्हा टर्बो किंवा एक्झॉस्टजवळ नेऊ नये. तिची तार प्लगच्या तोंडाशी वाकून तुटते. एक जादा प्रोब ठेवावी. तुटलेली तार तांब्याच्या साध्या वायरने लांबवली तर वाचन चुकतं, आणि दोन टोकं उलटी जोडली गेली तर तापवल्यावर आकडा खाली जातो.