बॉश जीबीएच २-२६ डीआरई: घरची वर्कशॉप आणि नातलगांची कामं एकाच रोटरी हॅमरवर

घरी छोटी वर्कशॉप उभी करायला घेतली की नातलगांची कामंही आपसूक रांगेत येतात. बहिणीचं किचन, सासूबाईंच्या बाथरूममधला गिझर, काकांच्या फ्लॅटमधला एसी. या सगळ्यात आणि वर्कशॉपमध्ये सामाईक असतं ते काँक्रीट-विटेत भोकं पाडणं आणि थोडीफार तोडफोड. म्हणून पहिलं मोठं मशीन कोणतं घ्यावं याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: २६ मिमीचा एसडीएस-प्लस (बिट नुसतं ढकलून अडकवायच्या चकचा) रोटरी हॅमर. त्या वर्गात बॉशचं जीबीएच २-२६ डीआरई हे मशीन बाकीच्यांना तोलायचं माप मानता येईल.

कागदावरचे आकडे आधी. ८०० वॅट, एका ठोक्याची ताकद २.७ जूल, मिनिटाला ९०० पर्यंत फेरे आणि ४,००० पर्यंत ठोके, वजन पावणेतीन किलोच्या आसपास. काँक्रीटमध्ये २६, लोखंडात १३ आणि लाकडात ३० मिमी ही त्याची कमाल. पण कमाल म्हणजे रोजचं काम नव्हे. हे मशीन खरं खुलतं ते ८ ते १६ मिमीच्या भोकांत. घरगुती कामातली बहुतेक भोकं याच टप्प्यात येतात, त्यामुळे काही अडत नाही.

साध्या इम्पॅक्ट ड्रिलपेक्षा हे वेगळं का, ते आतली रचना पाहिली की कळतं. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून टकटक करतात. तिथे ठोका आपल्या अंगाच्या दाबातून येतो. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन पुढे-मागे होतो, मधल्या हवेच्या गादीमुळे हातोडी उडते आणि ती बिटाच्या मागच्या टोकावर आदळते. म्हणून इथे अंगाचा भार टाकून उपयोग नाही. बिट जागेवर राहील एवढाच दाब द्यायचा. जास्त रेटलं तर भोक लवकर पडत नाही, मशीन मात्र तापतं.

मुंबई-पुण्याच्या नव्या टॉवरमध्ये तर या मशीनला पर्याय राहिलेला नाही. मायवान पद्धतीच्या (अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतून बांधलेल्या) इमारतीत भिंतीसुद्धा आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या असतात. पडद्याच्या दांड्याचं ब्रॅकेट लावायलाही इम्पॅक्ट ड्रिल रडतं, आणि २-२६ तेच ८ मिमीचं भोक काही सेकंदांत पाडतं. अशा इमारतीत वायरसाठी भिंतीत झिरी मात्र मारायची नाही. ती भिंत भार पेलणारी आहे. वायरिंग वरून केसिंग-कॅपिंगमध्येच (भिंतीवर लावायच्या झाकणाच्या पट्टीत) न्यावं. काही टॉवरमध्ये स्लॅब पोस्ट-टेन्शन असतो, म्हणजे आत ताणलेल्या केबल असतात. तिथे छताला भोक पाडण्याआधी सोसायटीकडून केबलचा नकाशा घ्यावा. तो मिळाला नाही तर छताला हात लावू नये.

बिटांचा संच असा ठेवा: ६, ८, १० आणि १२ मिमी (लांबी १६० मिमी), १६ मिमी (लांबी २१० मिमी), आणि नऊ इंची भिंत आरपार करायला २० मिमीचं ४०० मिमी लांब बिट. ८ मिमीची दोन असू द्या, कारण सगळ्यात जास्त तेच झिजतं. छिन्न्या तीन: टोकदार, २० मिमी सपाट आणि टाइल काढायला ४० मिमी रुंद. बिटाची शेपटी १० मिमी जाड असते आणि चकमध्ये साधारण सेंटीमीटरभर मागे-पुढे हलते. ती तशी हलायलाच हवी, तिथूनच ठोका पोचतो. दर वेळी शेपटी पुसून तिला चिमूटभर ग्रीस लावा. कोरडी शेपटी आणि सिमेंटची धूळ यांनी चक आतून खाल्ला जातो, आणि तो बदलायचा खर्च पाच-सहा चांगल्या बिटांहून जड पडतो.

आता भोक. ८ मिमीच्या गिट्टीला (स्क्रू धरणाऱ्या प्लगला) ८ मिमीचंच बिट, आणि गिट्टीपेक्षा १० मिमी जास्त खोली. आतला गिलावा १२ ते १५ मिमी जाड असतो आणि त्याला पकड नसते, म्हणून गिट्टी गिलाव्याच्या पलीकडे विटेत बसली पाहिजे. ४० मिमीची गिट्टी तोंडाशी सपाट ठेवली तर तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा गिलाव्यात वाया जातो. जड वस्तूला त्यामुळे लांब गिट्टीच घ्यावी. २५ लिटरचा गिझर भरल्यावर पाण्याचेच २५ किलो होतात. भोक पडल्यावर बिट फिरतं ठेवून दोन-तीनदा आत-बाहेर करा आणि नंतर पंपाने भुकटी उडवा. गिट्टी स्क्रूबरोबर गोल फिरते याचं कारण बहुतेक वेळा आत राहिलेली भुकटीच असते.

भिंत कशाची आहे यावर मोड ठरतो. काँक्रीट आणि पक्की वीट असेल तर हॅमर चालू. एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक), जुनी ठिसूळ वीट किंवा पोकळ ब्लॉक असेल तर हॅमर बंद, नुसतं फिरवून भोक पाडायचं. नाहीतर मागून ढलपा उडतो आणि ८ चं भोक १२ चं होतं. एएसीला त्याच्यासाठीची वेगळी गिट्टी मिळते, तीच घ्यावी. टाइल असेल तर मास्किंग टेप लावून, हॅमर बंद ठेवून, टाइलच्या बिटाने आधी टाइल पार करायची. मागची वीट लागली की मग हॅमर. व्हिट्रिफाइड टाइलला डायमंड बिट आणि पाणी लागतं, पण पाणी आणि वायरवरचं मशीन एकत्र नको. पाणी दुसऱ्या माणसाने स्पंजने थेंब-थेंब द्यावं, मशीनवर उडता कामा नये.

मध्येच आवाज बदलला, बिट पुढे जाईना आणि भुकटीत लोखंडाची चमक दिसली की सळई लागली असं समजा. तिथे रेटलं तर बिटाच्या टोकावरची कार्बाइडची धार तुटते. मोठं बिट अडकलं तर क्लच घसरून मशीन मनगट वाचवतं, पण त्या भरवशावर बाजूचं हँडल काढून ठेवू नका. भोक दोन-तीन सेंटीमीटर सरकवा, ब्रॅकेटची भोकं त्याप्रमाणे जुळवून घ्या. बीम आणि कॉलममधली सळई कापून पुढे जाणं हा उपाय नव्हेच.

झिरी मारायला हे मशीन उत्तम, मात्र एकट्याने नाही. मार्बल कटरने दोन समांतर रेषा मारायच्या आणि मधला भाग २० मिमीच्या छिन्नीने काढायचा. नुसत्या छिन्नीने केलं तर कडा ढासळतात आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा. चार इंची भिंतीला त्यामुळे आडवी झिरी जवळजवळ वर्ज्यच. उभ्या झिरीतही २० मिमीचा पाइप घ्या. २५ चा पाइप आणि त्यावर पुरेसा मसाला त्या मापात बसत नाही. पलीकडच्या खोलीतून त्याच ठिकाणी झिरी आहे का, तेही बघा. बुजवताना झिरीवर चिकन मेश लावा, नाहीतर रंग झाल्यावर महिन्याभरात पाइपच्या रेषेत तडा उमटतो. आणि छिन्नीने उचकटू नका. ठोका छिन्नीचा, पण उखडायचं काम पहारीचं. उचकटताना चकमधल्या गोळ्यांवर आणि कडीवर आडवा ताण येतो, आणि मशीन बिघडण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

एसीच्या पाइपला साधारण ६५ मिमीचं भोक लागतं. या मशीनची कोअर कटरची मर्यादा ६८ मिमी आहे, पण ती विटेच्या भिंतीत. भोकाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं. आरसीसीमध्ये हेच भोक किंवा चिमणीच्या डक्टचं सहा इंची भोक डायमंड कोअरवाल्याकडून करून घ्यावं. पूर्ण बाथरूमच्या टाइल्स काढणं, ओटा पाडणं, फरशी उखडणं यालाही २-२६ काढू नका. एखाद-दुसऱ्या भिंतीच्या टाइल्स चालतात. त्यापुढे एसडीएस-मॅक्सचं (जाड शेपटीच्या बिटांचं) पाच किलोचं मशीन किंवा ब्रेकर दिवसाच्या भाड्याने आणा. काम अर्ध्या वेळात होतं आणि आपलं मशीन वाचतं.

वर्कशॉपच्या बाजूने पाहिलं तर याची उणीव ठळक आहे: हे लाकूड-लोखंडाचं मशीन नाही. एसडीएस अॅडॉप्टरवर १३ मिमी चक बसतो, पण त्याची लांबी वाढते आणि बिट थोडं डगमगतं, त्यामुळे कॅबिनेटच्या बिजागरीचं नेमकं काम त्यावर होत नाही. शिवाय ९०० फेरे कमी पडतात. साध्या पोलादात ३ मिमीच्या एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिटाला अडीच हजारांच्या वर फेरे हवेत. १० मिमीला मात्र ८०० पुरतात. म्हणजे अँगलमध्ये १० ची भोकं ठीक, बारीक भोकांना १० मिमीचं साधं ड्रिल वेगळं ठेवावंच लागेल. त्या चकवर हॅमर मोड लावला तर चक संपला. टाइलचा मसाला ढवळायलाही हे वापरू नका. कमी फेऱ्यांवर सतत भार पडला की पंखा पुरेशी हवा देत नाही आणि मोटार तापते.

वर्कशॉपची जमीन शहाबादी फरशीची असेल तर ग्राइंडरच्या स्टँडला फास्टनर मारण्याआधी खाली काय आहे ते पाहा. फरशीखाली भुसभुशीत भराव असला की फास्टनर आज घट्ट बसतो आणि थरथरीने काही दिवसांत सैल होतो. तो खालच्या काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. एम-१० च्या वेज अँकरला (आत फुलून पकडणाऱ्या १० मिमीच्या बोल्टला) १० मिमीचं भोक आणि काँक्रीटमध्ये निदान ७० मिमी खोली द्या, आणि काँक्रीटच्या कडेपासून १०० मिमी दूर राहा. विटेच्या भिंतीत वेज अँकर नको, तो फुलताना वीट फोडतो. तिथे लांब नायलॉनची गिट्टी किंवा केमिकल अँकर.

एक मशीन, दोन साइटी. हे जमवायचं तर मशीन लागणारे दिवस आणि नुसते थांबायचे दिवस वेगळे मांडा. वर्कशॉपमधली सगळी भोकं आधी पेन्सिलीने आखून ठेवा: बाकाची ब्रॅकेटं, रॅक, एमसीबीचा डबा, पाइपच्या क्लिपा, जमिनीतले फास्टनर. मग ती एका दमात पाडून मशीन मोकळं करा. बाक जोडणं, रॅक रंगवणं, वायर ओढणं याला ते लागत नाही. नातलगांकडे उलट होतं, तिथे वाट पाहणं जास्त. झिरी बुजवली की मसाल्याला सात दिवस पाणी मारायचं, वॉटरप्रूफिंगच्या दोन हातांमध्ये अंतर, मग पाणी साठवून २४ ते ४८ तासांची तपासणी, टाइल लावल्यावर ग्राउटिंगआधी एक दिवस. हे दिवस म्हणजे तुमच्या वर्कशॉपचे दिवस. पाणी मारायची जबाबदारी त्या घरातल्या माणसाला स्पष्ट सांगून सोपवा. बऱ्याच सोसायट्यांत दुपारी आणि रविवारी ठोकाठोकीला मनाई असते, म्हणून तिथल्या वेळा आधी विचारून हॅमरचं काम त्यात बसवा आणि शांत कामं उरलेल्या वेळात घ्या.

बाहेरच्या कामाची पेटी वेगळी भरून ठेवा: वरची बिटं, गिट्ट्या, ग्रीस, टेप, पंप, टेस्टर, गॉगल, एन-९५ मास्क, कानाला प्लग आणि तीन कोअर १.५ चौरस मिमीची एक्स्टेन्शन वायर, पूर्ण उलगडून वापरायची. मशीन २३० व्होल्टवर साडेतीन अँपिअरच्या आसपास घेतं, म्हणजे ६ अँपिअरचा सॉकेट पुरतो. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या सरळ वर भोक पाडू नका, लाइन तिथूनच गेलेली असते. सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचा) पाइप स्वस्त डिटेक्टरला दिसत नाही.

कार्बन ब्रश संपत आले की ठिणग्या वाढतात आणि ताकद कमी-जास्त होते; नवे बसवल्यावर दहा मिनिटं भाराशिवाय चालवा. मोटार छान फिरते पण ठोका मंद झाला, तर हातोडीवरची रबरी ओ-रिंग झिजली किंवा आतलं ग्रीस वाळलं आहे. ते सर्व्हिस सेंटरचं काम.

घेताना पुण्याची बोहरी आळी असो की मुंबईची नागदेवी स्ट्रीट, जीएसटी बिल आणि अनुक्रमांकासह वॉरंटी नोंदणी घ्या. याच बांधणीच्या नकला भरपूर मिळतात आणि वरून हुबेहूब दिसतात. मकिताचं एचआर २६३० हे ८०० वॅटचं, याच वर्गातलं, जास्त फेऱ्यांचं मशीन आहे. तुमच्या गावात ज्याचं सर्व्हिस सेंटर जवळ, ते घ्या. दुकानातच बिट बसवून हाताने ओढून पाहा, पुढे-मागे हललं पाहिजे पण निसटता कामा नये. मोड बदलायची कळ प्रत्येक खुणेवर टक् करून बसते का ते बघा, आणि काउंटरवर एखाद्या विटेवर ठोका चालवून दाखवायला सांगा.