फ्लास्कमधली ऑर्किडची रोपं: घ्यावीत का?

मूळ रानटी प्रजातीचं ऑर्किड हवं असेल तर बाजारात दोन प्रकारचा माल दिसतो. एक म्हणजे मोठं झालेलं, उघड्या मुळांचं झाड. दुसरा म्हणजे बंद बाटलीत अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीसारख्या पदार्थावर, वाढलेली इवली रोपं, म्हणजे फ्लास्क. फूल यायला वेळ लागला तरी चालेल अशांनी फ्लास्कच घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे.

कारण उघड आहे. पॅफियोपेडिलम व्हिएतनामेन्स या व्हिएतनाममधल्या ऑर्किड प्रजातीचं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर थोड्याच काळात संग्राहकांच्या मागणीपायी तिची रानातली वस्ती ओरबाडली गेली. फ्लास्कमुळे ही मागणी रानाबाहेर भागते. ऑर्किडच्या बीत अन्नसाठा जवळपास नसतो, म्हणून निसर्गात ते योग्य बुरशी भेटली तरच रुजतं. लुईस नडसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं १९२२ मध्ये साखर घातलेल्या अगारवर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं, आणि लागवडीतल्या एका फळातून शेकड्यांनी रोपं मिळण्याची सोय झाली.

कागदपत्रांचा त्रासही कमी. साइट्स करारात, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात, संपूर्ण ऑर्किड कुळ आहे. पॅफियोपेडिलम आणि फ्रॅग्मिपेडियम या ऑर्किडच्या प्रजाती तर सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात. निर्जंतुक बाटलीतल्या रोपांना करारातून सूट मिळते, पण पहिल्या परिशिष्टातल्या प्रजातींसाठी ती कृत्रिम लागवडीच्या व्याख्येत बसावी लागतात, म्हणजे मातृझाडही कायदेशीर हवं. विक्रेत्याला हे विचाराच. देशादेशांचे नियम आणि वनस्पती-आरोग्य दाखला या वेगळ्या बाबी आहेत.

आता मालाची परीक्षा. पानं हिरवी, मुळं टोकाशी ताजी आणि अगार एकसंध असावा. प्रवासात अगार फुटून रोपं उलटीपालटी झाली असतील किंवा आत पांढरी-काळी बुरशी दिसत असेल, तर त्याच दिवशी बाटली उघडा. तसं नसेल तर आठवडा-दोन आठवडे उजेडाच्या सावलीत ठेवून रोपांना सावरू द्या. थेट ऊन मात्र नको, बंद काचेत रोपं शिजतात.

बाहेर काढताना कोमट पाण्यात बाटली हलवून अगार सैल करा आणि मुळांवरचा कण न् कण धुऊन काढा. फ्लास्क फसण्याचं सर्वांत मोठं कारण इथेच असतं: उरलेल्या अगारातली साखर बुरशीला आयतं खाद्य ठरते आणि रोपं बुंध्याशी कुजतात. गुंतलेली मुळं ओढून सोडवू नका. दोन-तीन रोपं एकत्रच राहिली तरी बिघडत नाही. ३ ते ६ मिलिमीटरचे झाडाच्या सालीचे बारीक तुकडे, त्यात थोडं परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे कण), अशा मिश्रणात ८ ते १० सेंटिमीटरच्या कुंडीत सात-आठ रोपं दाटीनं लावा. एकेकटी लावलेली रोपं लवकर सुकतात.

बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो, त्यामुळे बाहेर ती झपाट्यानं पाणी गमावतात. पहिले दोन-तीन आठवडे कुंडीवर पारदर्शक झाकण ठेवा, मग रोज थोडं थोडं उघडत न्या. तापमान २० ते २७ अंश. नवं मूळ दिसेपर्यंत खत नको. नंतर नेहमीच्या मात्रेच्या चौथाई. पान लुळं पडलं की पाणी ओतण्याची घाई होते, पण बहुतेक वेळा कमी पडलेली असते ती हवेतली आर्द्रता.

आमची खरी तक्रार लेबलांबद्दल आहे. बऱ्याच बाटल्यांवर फक्त प्रजातीचं नाव असतं. संवर्धनाच्या दृष्टीनं असं रोप निम्म्या किमतीचं. दोन्ही पालकांचे क्रमांक, मूळ ठिकाण माहीत असेल तर ते, आणि बी एकाच झाडाच्या स्वपरागणातून आलं की दोन वेगळ्या झाडांच्या, हे लिहिलेलं हवं. पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या, गोल फुलांसाठी निवडत आणलेला वाण देखणा असतो, पण त्यात रानातलं वैविध्य उरत नाही.

आणि लेबल जपणं हे घेणाऱ्याचं काम. प्लॅस्टिकच्या पट्टीवर पेन्सिलनं लिहा, शाई उन्हात उडते. एक प्रत वहीत ठेवा. झाडं फुलली की नात्यात नसलेल्या दोन झाडांचं परस्पर परागण करून फळ प्रयोगशाळेकडे पाठवा, जास्तीची रोपं इतरांना वाटा. एकाच हौशाकडची झाडं एका उन्हाळ्यात जाऊ शकतात. दहा जणांकडे विखुरलेली सहसा टिकतात. मात्र स्वतःहून ती रानात लावू नका. कुंडीतले विषाणू आणि बुरशी तिथल्या झाडांना लागू शकतात, वाणही त्या जागेचा नसतो. पुनर्लागवड अभ्यासकांच्या देखरेखीखालीच व्हावी, आणि त्यांना हवी असतात ती नोंद असलेलीच झाडं.

वर्षभरात फूल हवं असणाऱ्यांनी फ्लास्क घेऊ नये. फॅलेनॉप्सिस या ऑर्किडच्या प्रजातींना साधारण दोन-तीन वर्षं लागतात, पॅफियोपेडिलमला बरीच जास्त. घाई असणाऱ्यांनी नर्सरीत वाढलेलं मोठं झाड घ्यावं, पण मुळं नीट बघून. कुंडीत वाढलेली मुळं कुंडीचा आकार घेतात. चपटी, तुटलेली, झाडाच्या सालीचे तुकडे धरून असलेली मुळं आणि शेवाळ, दगडफूल चढलेली जुनी पानं दिसली तर झाड रानातून उपटलेलं असण्याची दाट शक्यता आहे. ते कितीही स्वस्त मिळालं तरी परत ठेवा.