बेल्टच्या मोटारसायकलला बाहेरचा टेन्शनर : लावावा का, आणि लावायचा तर कोणता?

नाशिकमध्ये चेनची मोटारसायकल दुरुस्त करणारा मिस्त्री प्रत्येक चौकात सापडतो, परंतु बेल्टवर चालणारी गाडी घेऊन गेल्यास बहुतेक जण बेल्ट अंगठ्याने दाबून पाहतात आणि ‘थोडा ढिला वाटतोय’ एवढेच सांगतात. अशा गाड्या शहरात मोजक्याच आहेत. हार्ले-डेव्हिडसनच्या सेकंडहँड स्ट्रीट ७५० आणि स्पोर्टस्टर या त्यांतल्या मुख्य, आणि अलीकडे त्यांत रिव्होल्ट आरव्ही ४०० आणि टॉर्क क्रेटॉस या विजेवर चालणाऱ्या गाड्यांची भर पडली. हार्लेने १९८० साली स्टर्जिस या मॉडेलवर मागच्या चाकासाठी बेल्ट आणला. भारतात २०१४ पासून विकली गेलेली स्ट्रीट ७५० बेल्टचीच होती, मात्र कंपनीने २०२० मध्ये इथले स्वतःचे उत्पादन थांबवले आणि २०२३ मध्ये हीरोबरोबर आलेली एक्स ४४० चेनवर चालते. त्यामुळे जुन्या गाडीचा मालक सुटे भाग ऑनलाइन शोधू लागतो आणि शोधता शोधता बाहेरच्या टेन्शनरपाशी, म्हणजे बेल्टवर रोलर टेकवून त्याचा ताण राखणाऱ्या जोडभागापाशी, येऊन थांबतो. त्याच्यासमोर पर्याय चार असतात : गाडीचा मूळ एक्सल अ‍ॅडजस्टर (मागच्या चाकाचा आस पुढे-मागे सरकवून ताण बसवणारा स्क्रू) तसाच वापरत राहणे, पक्का बसवलेला आयडलर रोलर (बेल्टला नुसता टेकून फिरणारा रोलर) लावणे, स्प्रिंगवर हलणारा टेन्शनर लावणे, किंवा अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून रोलर आणि ब्रॅकेट बनवून घेणे.

पर्यायांची तुलना करण्याआधी ताण बदलतो का आणि किती, हे पाहणे आवश्यक आहे, कारण निवडीचे सारे गणित त्यावरच उभे आहे. पुढची पुली इंजिनावर पक्की असते, तर मागचे चाक स्विंगआर्मबरोबर, म्हणजे त्याला धरणाऱ्या भुजेबरोबर, वर-खाली होते. स्विंगआर्मची खीळ (ज्याभोवती तो फिरतो) आणि पुढच्या पुलीचा मध्य एकाच ठिकाणी असते, तर चाक कितीही हलले तरी दोन पुल्यांमधील अंतर बदलले नसते; पण बहुतेक गाड्यांत खीळ पुलीच्या थोडी मागे असते, आणि पुली, खीळ व एक्सल हे तिन्ही बिंदू एका रेषेत येतात त्या क्षणी बेल्ट सर्वांत घट्ट होतो. खीळ पुलीपासून ८० मिमी मागे आणि स्विंगआर्म ५०० मिमी लांब धरला, तर या सरळ रेषेपासून स्विंगआर्म १२ अंश फिरल्यावर, म्हणजे चाक सुमारे १०४ मिमी हलल्यावर, दोन पुल्यांमधील अंतर साधारण दीड मिलिमीटरने कमी होते. वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू मिळून ही तीन मिलिमीटरची ढील होते, आणि गाडी ओढत असताना ती सगळी खालच्या बाजूला जमा होते. बेल्टमध्ये मुळात ताण नाही असे मानल्यास कागदावर मधोमध जवळजवळ ३० मिमीचा झोळ निघतो. प्रत्यक्षात बेल्टचा मूळ ताण त्यातला बराच भाग गिळून टाकतो. चेनला एवढी ढील चालते. बेल्टच्या आत अ‍ॅरामिड किंवा कार्बनचे धागे असतात आणि ते चेनसारखे लांबत नाहीत, त्यामुळे बेल्ट फार ढिला असला तर दात उडी मारतो आणि फार घट्ट असला तर गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर नाहक भार पडतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की टेन्शनरची किंमत विचारण्याआधी मालकाने पट्टी घेऊन खाली बसावे आणि पुलीच्या मध्यापासून खिळीपर्यंतचे अंतर मोजावे. ते ४०-५० मिमीच्या आत असेल आणि मागच्या सस्पेन्शनचा प्रवास क्रूझर गाड्यांना असतो तसा मर्यादित असेल, तर पहिला पर्याय, म्हणजे मूळ अ‍ॅडजस्टर, बाकी तिघांना सहज मागे टाकतो. त्यासाठी टेन्शन गेज नावाचे साधे साधन पुरते. हार्लेच्या पद्धतीत बेल्ट थंड असताना खालच्या बाजूच्या मध्यावर १० पौंडांचा, म्हणजे साडेचार किलोचा दाब दिला जातो आणि बेल्ट किती दबला ते पाहिले जाते. दबण्याची मर्यादा प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळी असते. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे आणि जिथे बेल्ट सर्वांत घट्ट लागेल तिथला आकडा धरावा. बेल्ट बोटाने छेडून मोबाइलवर त्याच्या आवाजाची वारंवारता मोजणारेही आहेत. ती पद्धत चांगली आहे, परंतु ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वारंवारता १० टक्के जास्त आली तर ताण २१ टक्के जास्त झालेला असतो, हे विसरून चालत नाही. गाडी बुटकी करण्यासाठी मागचे शॉकअप बदलले असतील, तर स्विंगआर्मचा कोन बदललेला असतो आणि ताण पुन्हा बसवावाच लागतो. टेन्शनर शोधणाऱ्या बऱ्याच मालकांचे दुखणे खरे तर इथेच असते.

पक्का आयडलर हा दुसरा पर्याय दिसायला साधा आहे : एक रोलर, एक ब्रॅकेट, दोन बोल्ट. २००२ मध्ये आलेल्या, ब्यूएल या अमेरिकी कंपनीच्या एक्सबी मालिकेत कंपनीनेच असा रोलर बसवला होता, आणि त्या गाड्यांत ताण कमी-जास्त करण्याची सोयच नव्हती. रोलरची जागा अशी निवडलेली होती की स्विंगआर्म हलला तरी बेल्टच्या वाटेची लांबी जवळपास तेवढीच राहावी. मुद्दा इथेच आहे. जागा गणिताने निवडलेली असली तर पक्का रोलर उत्तम काम करतो; पण जो रोलर ‘सर्व गाड्यांना बसतो’ असे सांगून विकला जातो, तो बेल्ट घट्ट दाखवतो एवढेच, आणि स्विंगआर्मबरोबर होणारा ताणातला बदल तसाच राहतो. शिवाय यांपैकी बरेच रोलर मुळात चेनसाठी बनवलेले असतात. त्यांची अरुंद खाच २० ते २८ मिमी रुंद बेल्टच्या कडा खाते.

स्प्रिंगचा टेन्शनर या अडचणीवर उत्तर देतो, कारण ढील वाढली की त्याची भुजा पुढे सरकते. त्याच ब्यूएल गाड्यांसाठी इटलीच्या फ्री स्पिरिट्स या कंपनीने पक्क्या रोलरऐवजी स्प्रिंगचा टेन्शनर काढला. गाडीला आखून बनवलेला असा टेन्शनर आणि बाजारातला कोणतीही भुजा-कोणतीही स्प्रिंग असलेला टेन्शनर यांची तुलना एकाच तागडीत करता येत नाही. फरक कळतो तो उतारावर. गाडी ओढते तेव्हा बेल्टची वरची बाजू ताणलेली आणि खालची ढिली असते. मात्र इगतपुरीहून कसारा घाट उतरताना किंवा सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे खाली येताना गिअरमध्ये इंजिनाने गाडी अडवली, की चाकच इंजिनाला फिरवते आणि ताण खालच्या बाजूला येतो. खाली बसवलेली स्प्रिंग तेव्हा दबते, रोलर मागे हटतो, आणि जी ढील खाली पकडून ठेवली होती ती वरच्या बाजूला पोहोचते. स्प्रिंग नरम असेल आणि भुजेला मागे हटण्यावर पक्का अडथळा नसेल, तर बेल्टचा दात उडण्याची शक्यता नेमकी इथे, भर घाटात निर्माण होते. त्यामुळे स्प्रिंगचा टेन्शनर घेताना विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न रंगाचा किंवा वजनाचा नसून, भुजा मागे कुठे अडते, हा असावा. जास्त कडक स्प्रिंग हा त्यावरचा उपाय नव्हे. ती दिवसभर बेल्ट अकारण घट्ट ठेवते.

रोलर बेल्टच्या कोणत्या अंगाला लागतो, यावरही दोन्ही प्रकारांत बरेच काही ठरते. पाठीच्या अंगाला लागणारा रोलर पुल्यांभोवतीचा विळखा, म्हणजे बेल्ट पुलीला जेवढा लपेटतो तो भाग, वाढवतो, पण बेल्टला उलट्या दिशेने वाकवतो. यंत्रांवरच्या दातेरी बेल्टसाठी कारखान्यांत असा संकेत आहे की पाठीचा रोलर सर्वांत लहान पुलीपेक्षा लहान नसावा. १४ मिमी पिचच्या (दोन दातांमधल्या अंतराच्या) २८ दातांच्या पुलीचा व्यास सुमारे १२५ मिमी येतो, आणि मोटारसायकलसाठी मिळणारे रोलर त्याच्या अर्ध्याहूनही लहान असतात. म्हणजे ते लावल्यावर बेल्टचे आयुष्य थोडे तरी कमी होणार, हे गृहीत धरावे. दातांच्या अंगाने लागणारा गुळगुळीत छोटा रोलर प्रत्येक दातावर आपटत फिरतो आणि आवाज करतो, म्हणून तिथे दातेरी रोलर बरा. विळखा वाढवण्यासाठीच टेन्शनर हवा, असे कोणी सांगितले तर फारसे मनावर घेऊ नये. पूर्ण भार पेलायला पुलीचे सहा दात बेल्टमध्ये गुंतलेले पुरतात, आणि २८ दातांच्या पुलीवर साधारण त्याच्या दुप्पट गुंतलेले असतात.

चौथा पर्याय खास नाशिकचा म्हणता येईल. ज्या शहरात मायको या कारखान्याच्या नावाने सर्कल ओळखले जाते आणि अंबड-सातपूरला गल्लोगल्ली लेथ आणि लेझर कटिंगची शेड आहे, तिथे तयार किटला पैसे का घालवायचे, हा विचार मनात येणारच. मीही तो केला. माझ्या रोलरचे टर्निंग अचूक होते, ब्रॅकेटही सरळ होता. चूक झाली ती बेअरिंगमध्ये. आत पत्र्याच्या झाकणाचे ६२०२ क्रमांकाचे बेअरिंग बसवले गेले आणि मी तपासले नाही. इगतपुरीच्या एका पावसाळ्यात त्यात पाणी गेले, बेअरिंग जाम झाले, आणि न फिरणाऱ्या रोलरवर घासून बेल्टची पाठ आरशासारखी चकचकीत झाली. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेले बेअरिंग तेव्हाच घेतले असते, तर किरकोळ जादा पैशांत काम झाले असते. लेथवर बनवून घ्यायचेच असेल, तर रोलर सरळ नायलॉनचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असावा, त्याची रुंदी बेल्टपेक्षा दोन्हीकडे थोडी जास्त असावी आणि ब्रॅकेट इंजिनाच्या केसिंगच्या बोल्टवर लटकवू नये. बेल्ट रोलरवर २० अंशांनी वळत असेल, तर बेल्टमधल्या ताणाच्या सुमारे ३५ टक्के भार रोलरवर येतो, ३० अंशांनी वळत असेल तर निम्म्याहून जास्त. घाटात इंजिनाचा अडसर लागल्यावर हा भार कमी नसतो. स्प्रिंगची भुजा मात्र लेथवाल्याकडून करवून घेऊ नये, असे मी सुचवीन, कारण तिची स्प्रिंग निवडायला जे मोजमाप लागते ते कोणी करत नाही.

बेल्टऐवजी चेन लावण्याचे किटही मिळते. पण चेनचे तेल आणि साफसफाई नको म्हणून ज्याने बेल्टची गाडी घेतली, त्याने त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

आता निवड. शहरात, कॉलेज रोड ते पाथर्डी फाटा अशा अंतरावर चालणाऱ्या स्ट्रीट ७५० ला मी काहीही लावणार नाही. त्याऐवजी गेज घेईन, खिळीपासून एक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी सारखे आहे का ते मोजेन, आणि सिंहस्थासाठी खणलेल्या रस्त्यांवरची खडी किंवा औद्योगिक वसाहतीतला लोखंडी कीस बेल्ट आणि पुलीच्या मध्ये अडकत नाही ना, हे महिन्यातून एकदा टॉर्च लावून पाहीन, कारण तिथे घुसलेला एक खडा बेल्टच्या धाग्यांचे जे नुकसान करतो ते कोणताही टेन्शनर भरून काढत नाही. पुली ते खीळ हे अंतर ७०-८० मिमी निघाले आणि गाडी खरोखर घाटांत, सामान आणि मागे माणूस घेऊन जात असेल, तर पैसे स्प्रिंगच्या टेन्शनरवर घालावेत, पण तो त्याच मॉडेलसाठी बनवलेला आणि अडथळा असलेला असावा. तसा मिळत नसेल, तर लेथवरचा पक्का रोलर हा बाजारातल्या कोणत्याही सर्वगाडी रोलरपेक्षा चांगला. मात्र तो बेल्टला जेमतेम टेकेल एवढाच बसवावा. तो बसवताना गाडीवर माणूस बसलेला असावा आणि पुली, खीळ, एक्सल एका रेषेत आलेले असावेत, नाहीतर मोकळ्या गाडीवर टेकवलेला रोलर स्वार बसताच बेल्ट तारेसारखा ताणतो.

विजेच्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या मोटरचा टॉर्क सुरुवातीपासूनच जोरात येतो, आणि जिथे रिजनरेटिव्ह ब्रेकिंग (मोटरनेच गाडी अडवून बॅटरीत वीज परत भरणे) आहे तिथे खालच्या बाजूवर प्रत्येक सिग्नलला उलटा ताण येतो, जो पेट्रोलच्या गाडीवर मुख्यतः घाटात जोराने येतो. तिथे बाहेरचा स्प्रिंग टेन्शनर मी सुचवणार नाही, आणि वॉरंटीत असलेल्या गाडीला तर पक्का रोलरसुद्धा नाही.