डिस्कवर्ल्ड: सुरुवात पहिल्या पुस्तकापासून करू नका

इंग्रजी लेखक टेरी प्रॅचेट यांची डिस्कवर्ल्ड ही विनोदी, जादुई दुनियेतली मालिका गेले काही महिने सलग वाचतेय. एकूण ४१ कादंबऱ्या आहेत. पहिली १९८३ ची, शेवटची २०१५ ची, लेखकाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी आलेली. आकडा बघून घाबरायचं कारण नाही. बहुतेक पुस्तकांत गोष्ट त्याच पुस्तकात पूर्ण होते, त्यामुळे मधूनच कुठूनही शिरता येतं.

शिरायचंच असेल तर माझं स्पष्ट मत: पहिलं पुस्तक, 'द कलर ऑफ मॅजिक', बाजूला ठेवा. अंतराळात पोहणारं महाकाय कासव, त्याच्या पाठीवर चार हत्ती आणि हत्तींवर तोललेली थाळीसारखी चपटी दुनिया, हे सगळं त्यात भेटतं. पण ते पुस्तक मुख्यतः त्या काळच्या तलवारी-जादूच्या कादंबऱ्यांचं विडंबन आहे. त्या वाचलेल्या नसतील तर अर्ध्या गमती निसटतात. अनेकजण तिथेच थांबतात आणि मालिका आपल्यासाठी नाही असं ठरवून टाकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्याऐवजी १९८९ चं 'गार्ड्स! गार्ड्स!' घ्या. आंक-मॉरपॉर्क नावाचं गजबजलेलं, घाणेरडं शहर. तिथे चोरांचा अधिकृत संघ आहे. ठरलेल्या कोट्यात चोरी करायची आणि लुटलेल्याला पावती द्यायची. अशा शहरात रात्रीच्या गस्तीच्या पोलिसांना काय काम उरणार? त्यांचा कप्तान सॅम व्हाइम्स दारूत बुडालेला आहे, हाताखाली मोजकी माणसं. मग कुणीतरी गुप्तपणे ड्रॅगन बोलावतं आणि या दुर्लक्षित माणसाला आपलं काम आठवतं. विनोद पानोपानी आहे, पण मला धरून ठेवलं ते व्हाइम्सच्या संतापाने. सत्ता असलेल्यांनी साध्या माणसांना गृहीत धरलं की तो पेटतो, आणि त्याच्या मागे लेखकही पेटलेला जाणवतो.

याचा सगळ्यात चांगला नमुना पुढच्या 'मेन अ‍ॅट आर्म्स'मध्ये आहे. व्हाइम्सचा पगार महिन्याला ३८ डॉलर. चांगले चामडी बूट ५० डॉलरना मिळतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. त्याला परवडतात ते १० डॉलरवाले, जे एक-दोन मोसमांत फाटून पाणी आत घेतात. म्हणजे दहा वर्षांत गरीब माणूस बुटांवर १०० डॉलर घालवतो आणि पाय ओलेच राहतात. गरिबी महाग का पडते हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि त्याच परिच्छेदात कळतं, की झिजलेल्या तळव्यांतून पायाला लागणाऱ्या दगडांवरून व्हाइम्स धुक्याच्या रात्रीही आपण शहरात कुठे आहोत ते ओळखतो. हा तपशील वाचला आणि मी त्या माणसाची कायमची झाले.

दुसरं लाडकं पात्र मृत्यू. सांगाडा, काळा झगा, हातात लांब दांड्याचा विळा, बोलणं कायम छोट्या कॅपिटल अक्षरांत छापलेलं. त्याला मांजरं आवडतात आणि माणसांबद्दल फार कुतूहल आहे. 'रीपर मॅन'मध्ये त्याची नोकरी जाते आणि तो एका म्हाताऱ्या बाईंच्या शेतावर कापणीच्या कामाला राहतो. ते भाग मी दोनदा वाचले.

काही गोष्टी खटकल्या. बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत, नुसत्या मोकळ्या ओळी सोडलेल्या, त्यामुळे थांबायला जागा सापडत नाही. तळटीपांत उत्तम विनोद आहेत, ई-बुकमध्ये त्या वाचायला सतत उड्या माराव्या लागतात. छापील प्रत बरी. इंग्रजीतले शब्दांचे खेळ भरपूर आहेत, वेग कमी ठेवा. मालिकेच्या अखेरीची काही पुस्तकं, विशेषतः २०१३ चं 'रेझिंग स्टीम', पसरट वाटली. पात्रं भाषणं देतात. प्रॅचेट यांनी २००७ मध्ये अल्झायमर्स झाल्याचं जाहीर केलं होतं आणि शेवटची पुस्तकं टाइप न करता बोलून लिहिली होती. ते लक्षात ठेवूनही पुस्तक मला कमकुवतच वाटलं, तसं सांगणं योग्य.

पोलीसकथा आवडत असतील तर 'गार्ड्स! गार्ड्स!', 'मेन अ‍ॅट आर्म्स', 'फीट ऑफ क्ले' या क्रमाने जा. 'नाइट वॉच' मात्र आधीची वाचल्याशिवाय उघडू नका, त्यातल्या माणसांची ओळख असली तरच ते भिडतं. पोलीस नको असतील तर चेटकिणींचं 'विअर्ड सिस्टर्स' घ्या, त्यातल्या ग्रॅनी वेदरवॅक्स एकट्याच पुस्तक तोलून धरतात. आणि एकच पुस्तक वाचून बघायचं असेल, तर 'स्मॉल गॉड्स': कासवाच्या रूपात अडकलेला देव आणि त्याच्यावर मनापासून विश्वास ठेवणारा एकच साधा शिष्य. त्याला आधीचं काहीही माहीत असावं लागत नाही.